कटरची पकड : कॉलेट की होल्डर?

परळ-लालबागच्या गिरणगावाने मुंबईला कापड दिले, तसेच कुशल फिटर, टर्नर व मशिनिस्टही दिले. परळचा रेल्वे कारखाना १८७९ चा. १८८७ मध्ये भायखळ्यास सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेलेली तंत्रशिक्षण संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. गिरण्या थंडावल्या असल्या, तरी यंत्रावरील कौशल्याचा हा वारसा प्रशिक्षण संस्थांतून पुढे चालला आहे. अशा संस्थांसाठी मिलिंग मशीन घेताना कटर धरणाऱ्या साधनांचा विचार मागे पडू नये; कारण कामाचा दर्जा व प्रशिक्षणार्थींची सुरक्षितता पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते.

मिलिंग मशीनमध्ये जॉब टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि कटर फिरतो. हा कटर धरण्याची दोन साधने प्रचलित आहेत. कॉलेट म्हणजे उभ्या चिरा असलेली पोलादी नळी. चकचा नट आवळताच ती निमुळत्या भोकात दाबली जाते व कटरचा दांडा सर्व बाजूंनी सारखा धरते. त्यामुळे कटर मध्यावर राहतो. एंड मिल होल्डरमध्ये दांडा सरळ भोकात बसतो आणि त्याच्या सपाट तासलेल्या भागावर बाजूने ग्रब स्क्रू आवळला जातो. म्हणून तो सुटून येत नाही. मात्र स्क्रूच्या दाबाने किंचित एका बाजूस सरकतो.

हा किंचित फरक क्षुल्लक नव्हे. दोन दातांच्या कटरला दर दाती ०.०५ मि.मी. चाल दिली आणि दोन्ही दातांच्या फेऱ्यात ०.०२ मि.मी. तफावत असली, तर एक दात ०.०७ आणि दुसरा केवळ ०.०३ मि.मी. कापतो. पहिला दात लवकर बोथट होतो. बारीक कटर तर मोडतोच. यास्तव बारीक कटर व अखेरचा सफाईचा काप यांसाठी कॉलेट श्रेयस्कर.

याउलट, २० मि.मी.चा कटर पोलादात खोल काप घेतो, तेव्हा त्याचे पिळाचे दात त्याला जॉबकडे खेचतात. कॉलेटची पकड अपुरी असल्यास कटर हळूहळू खाली उतरतो, खाच ठरल्यापेक्षा खोल जाते आणि दिवसभराचे काम भंगारात निघते. अशा जड कामास होल्डरच हवा.

काही पथ्ये दोन्हींच्या बाबतीत पाळावी लागतात. सपाट भाग नसलेला दांडा होल्डरमध्ये बसवू नये. ईआर जातीचा कॉलेट आधी नटमध्ये अडकवून मगच चकमध्ये घालावा. दांडा, भोक व कॉलेट पुसून स्वच्छ करावेत. अडकलेली एक चूरही कटर वाकडा फिरविण्यास पुरेशी असते.

कॉलेटच्या एका संचात अनेक मापांचे कटर बसतात, तर होल्डर प्रत्येक मापास वेगळा लागतो. तेव्हा खरेदीच्या यादीत एक कॉलेट संच आणि नेहमीच्या जाड मापांचे दोन-तीन होल्डर, अशी दोहोंची तरतूद करणे हेच हिताचे ठरेल.