सायकलचा टायर : आराम आणि वेग यांचं भांडण खरं आहे का?

विषय ऐकून काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस टायरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांनी जे धरून ठेवलंय ते खरं आहे का, हे विचारणं हे तत्त्वज्ञानाचं निम्मं काम आहे. आणि रोड बाईकच्या टायरबद्दल असा एक समज पक्का बसलेला आहे. टायर जितका बारीक आणि कडक, तितकी सायकल वेगवान. आराम पाहिजे असेल तर वेग सोडा. आज हा समज तपासू, आणि मग आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कोणता टायर घ्यावा, त्यात किती हवा भरावी, ते ठरवू.

प्रश्न किरकोळ नाही बरं का. चाळिशी-पन्नाशीत डॉक्टर सांगतात म्हणून लोक सायकल घेतात, चांगले पैसे घालतात. टायरच्या बाजूवर जो कमाल आकडा छापलेला असतो, तेवढी हवा ठासून भरली जाते. मग धाराशिवहून तुळजापूरला जाऊन आलं की हाताला मुंग्या, मान आखडलेली, कंबर धरलेली. दोन महिन्यांत सायकल भिंतीला टेकते आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात. माणसाला वाटतं, आपलं वय झालं. पुष्कळदा वय झालेलं नसतं, चाकात हवा जास्त झालेली असते.

आधी थोडा इतिहास बघू. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली घेतलं, पण ती कल्पना तेव्हा चालली नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने शोधली. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणजे वस्तू जन्माला आली आरामासाठी. पण लगेच पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या. भरीव रबराचे कडक टायरवाले मागे राहिले. आराम आणि वेग पहिल्या दिवसापासून एकत्र नांदत होते. भांडण आपण नंतर लावलं.

आता हे घडतं कसं, ते बघा. चाक फिरताना शक्ती दोन ठिकाणी वाया जाते. पहिली टायरच्या आत. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे गेला की पूर्ववत होतो. दबायला जेवढी शक्ती लागली तेवढी सगळी रबर परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. हवा वाढवली की टायर कमी दबतो, म्हणून ही नासाडी कमी होते. प्रयोगशाळेत गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवला, तर हेच दिसतं. कडक टायर जिंकतो. पण लोखंडी ड्रमवर आपण सायकल चालवत नाही.

दुसरी नासाडी रस्त्यावर होते. खडी वर आलेली आहे, ठिगळं लावलेली आहेत. अशा रस्त्यावर कडक टायर खड्याला पोटात घेत नाही, त्याच्यावरून उडी मारतो. प्रत्येक उडीत सायकल आणि वर बसलेलं सत्तर किलोचं शरीर थोडं वर उचललं जातं. ती शक्ती तुमच्याच पायांतून आलेली असते आणि ती हाडामांसात जिरते. हवा वाढवत नेली की पहिली नासाडी कमी होते आणि दुसरी वाढते. एका मर्यादेपर्यंत फायदा, त्यापुढे तोटाच. रस्ता जितका खडबडीत, तितकी ती मर्यादा लवकर येते.

थोडा हिशोब करू. मागच्या चाकावर ४५ किलो, म्हणजे साधारण १०० पौंड भार आहे असं समजा. हवा १०० पीएसआय असेल तर टायर जमिनीला अंदाजे १ चौरस इंच टेकतो, ५० असेल तर २ चौरस इंच. पीएसआयचा अर्थच दर चौरस इंचावर किती पौंड. म्हणजे टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः दाबावर ठरतं, रुंदीवर नाही. रुंदीने फक्त आकार बदलतो. बारीक टायरचा ठसा लांबट पडतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आखूड ठशात टायरची बाजू कमी वाकते. म्हणून सारख्याच दाबाला रुंद टायर उलट हलका फिरतो. शिवाय रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, कारण रिम खड्ड्याला आपटायला जागा जास्त असते.

मग इतकी वर्षं लोकांना उलटं का वाटलं? इथे आपले नैयायिक उपयोगी पडतात. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाला एक अट आहे, ते अव्यभिचारी असलं पाहिजे, म्हणजे दगा देणारं नसावं. कडक टायरवर हँडल थरथरतं, सीट बुडाला टोचते, आणि मन लगेच अनुमान करतं, की कंप आहे, अर्थी वेग आहे. पण हेतू कच्चा आहे. बैलगाडीत बसून बघा, हाडं खिळखिळी होतात. वेग किती असतो? (हशा)

खरं-खोटं तुम्ही स्वतः करू शकता. पहाटे, वारा नसताना, वर्दळ नसलेला हलक्या उताराचा रस्ता शोधा. ठरलेल्या खुणेपासून पॅडल न मारता सायकल सोडा आणि ती कुठे थांबते तिथे खूण करा. कपडे तेच, बसणं तेच. प्रत्येक दाबाला चार-पाच वेळा करा. खुणा बोलतील.

तरी पूर्वपक्षही मांडला पाहिजे. रुंद टायर थोडा जड असतो आणि वाऱ्याला थोडा जास्त अडवतो. ताशी ३५ किलोमीटरच्या वर सतत जाणाऱ्याला हा फरक मोजावा लागतो. पण त्या शर्यतवाल्यांनीसुद्धा २३ मिलिमीटरचा जुना रिवाज सोडून २८ आणि ३० धरलेत. फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीचे पट्टे आहेत, तिथे तर त्याहून रुंद टायर लावतात. आपण ताशी २०-२५ ने जाणारी माणसं, आपण २३ ला का चिकटून बसायचं?

आता आपला जिल्हा. सोलापूरहून तुळजापूर-धाराशिववरून बीडकडे जाणारा महामार्ग किंवा नळदुर्ग-उमरग्यातून हैदराबादला जाणारा महामार्ग, यांची गोष्ट वेगळी. पण आत वळलं की काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो, भेगाळतो. अशा ठिकाणी माझा कौल सरळ आहे. फ्रेममध्ये बसत असेल तर ३२ मिमी, नाहीतर २८. जुन्या, रिम ब्रेकच्या सायकलींत पुष्कळदा २८ सुद्धा कसाबसा बसतो, तिथे २५ घ्या आणि हवा नीट सांभाळा. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी निदान ४ मिमी फट हवी. ओल्या काळ्या मातीच्या रस्त्याला तर जास्तच, नाहीतर चाक जागच्या जागी अडकतं.

टायरवर २८-६२२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. यालाच बाजारात ७०० सी म्हणतात. आपल्या जुन्या काळ्या २८ इंची सायकलचा व्यास ६३५ असतो, तो टायर इथे बसत नाही. खरेदी करताना इंच बोलू नका, हा दुसरा आकडा बोला.

हवा किती? चालवणारा ७० किलो, सायकल आणि पाणी मिळून १२ किलो धरा. आत ट्यूब आहे. २८ मिमीला मागे ७५ आणि पुढे ६८ पीएसआय, ३२ मिमीला मागे ६० आणि पुढे ५४, इथून सुरुवात करा. मागे जास्त, कारण भार मागे जास्त. मग ३-३ पीएसआयने बदलत जा. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला तर वाढवा. हाताला मुंग्या आल्या तर कमी करा. टायर आणि रिमवरची कमाल मर्यादा कधी ओलांडू नका. ती मर्यादा आहे, शिफारस नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी आजचं व्याख्यान सत्कारणी लागलं.

अंगठ्याने दाबून काही कळत नाही. काटा असलेला पंप घ्या, ही सगळ्यात मोलाची खरेदी. आणि ऊन लक्षात घ्या. पहाटे २० अंशांत ७५ भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेला, तर तीच हवा ८२ च्या आसपास जाते.

श्रोत्यांचे प्रश्न

सर, सराट्याचे आणि बाभळीचे काटे फार आहेत आमच्याकडे. ट्यूबलेस घ्यावा का?
काटे रस्त्याच्या कडेला जास्त असतात, म्हणून आधी कड सोडून चालवायची सवय करा, अर्थात मागची वाहनं बघून. ट्यूबलेसमधला द्रव काट्याचं छिद्र लगेच बुजवतो, हे खरं. पण आपल्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी बघून पुन्हा भरावा लागतो. ही निगा जमणार असेल तर जरूर घ्या. नाहीतर संरक्षक थर असलेला टायर घ्या. थोडा जड फिरतो, पण घरी पोचवतो. आणि या मापाची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही, तेव्हा दोन ट्यूब जवळ ठेवा.

गुळगुळीत टायर पावसात घसरणार नाही का, सर?
ही भीती मोटारीवरून आलेली आहे. मोटारीचा टायर रुंद, हवा कमी, वेग मोठा, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. सायकलचा टायर अरुंद आणि दाब जास्त, तो पाणी बाजूला सारून डांबराला टेकतोच. डांबरावर पकड रबराच्या दर्जाची आणि बेताच्या हवेची असते, नक्षीची नाही. नक्षी चिखलात कामाची. तुळजापूरच्या घाटात पावसाचं उतरत असाल तर हवा ४-५ पीएसआय कमी ठेवा, ब्रेक आधीपासून धरा, आणि पांढऱ्या पट्ट्यावर वळू नका.

पैसे थोडेच असतील तर आधी काय बदलावं?
आधी काही बदलू नका. हवा कमी करून आठवडाभर चालवा, त्याला खर्च शून्य. मग पंप, मग टायर. हलकी चाकं आणि महागडी सीट सगळ्यात शेवटी. बऱ्याच जणांना तिथपर्यंत जावंच लागणार नाही.