नेक सरळ आहे का?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी बॉडी बघतो. रंग, आकार, पिकअपची चमक. घरी आणल्यावर मात्र हात वर्षानुवर्षं फिरतो तो नेकवर, आणि सगळ्या वाद्यात जास्तीत जास्त ओढ सोसतो तोही नेकच. दहाच्या गेजच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या, की त्या सगळ्यांचा मिळून सुमारे 45 किलोचा ताण त्या जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाकडावर येतो. रात्रंदिवस. वाजवत असा वा नसा.

संपादकांनी दिलेला विषय सोपा वाटत होता. मेपल चांगलं की रोजवूड, महोगनी कशासाठी, एबनीला जास्त पैसे का मोजायचे, हे नव्याने गिटार घेणाऱ्यांना नीट समजावून सांगा, एवढंच. त्यासाठी दादरला गिटार दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे जाऊन बसू लागलो. त्यांना नाव छापायला नको आहे. येणारी मुलं त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. काकांचे वडील फर्निचरचं काम करायचे, शिसवी पलंग आणि कपाटं. रंधा, पटाशी, गुण्या ही हत्यारं वडिलांची. फ्रेट घासायच्या कानशी तेवढ्या काकांनी स्वतः घेतलेल्या.

मी बसलो होतो तेव्हा कॉलेजातली एक मुलगी आपली गिटार घेऊन आली. तारा फ्रेटपासून इतक्या उचलल्या गेल्या होत्या, की बाराव्या फ्रेटवर दाबताना बोटं दुखायची.

“काका, ही जाऊ दे आता. नवीनच घेते. मेपलची घेऊ की रोजवूडची?”

“थांब गं, आधी हिचं काय झालंय ते बघू. लाकडाचं मग बोलू.”

त्यांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, शेवटच्या फ्रेटवर बोट दाबलं, आणि मधे सातव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट राहते ते पट्ट्यांच्या गेजने मोजलं. “ताणलेल्या तारेइतकी सरळ फूटपट्टी माझ्याकडे दुसरी नाही,” ते म्हणाले. फट पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. तिथे ती मिलिमीटरच्या पुढे गेली होती. नेक तारांच्या ओढीने पुढे वाकला होता. काकांनी हेडस्टॉकजवळच्या भोकात ॲलन की घातली, पाव फेरा फिरवला, तारा पुन्हा सुरात आणल्या, पुन्हा मोजलं. मग आणखी पाव. तिसऱ्या पाव फेऱ्याआधी मात्र थांबले आणि गिटार भिंतीला टांगली. “रॉड आत्ता फिरवला तरी लाकूड उद्यापर्यंत हलत असतं. उद्या ये.”

मला खिळवून ठेवलं ते या रॉडने. नेकच्या पोटात, लाकडाने पूर्ण झाकलेली, पोलादाची एक कांब. जुन्या पद्धतीत तिची खाच सरळ नसते, मधोमध पाठीकडे किंचित झुकलेली असते. टोकाचा नट आवळला की कांब सरळ व्हायला बघते आणि नेकचा मधला भाग तारांच्या दिशेने ढकलते. तारा एकीकडून ओढतात, कांब दुसरीकडून रेटते, आणि या दोन बळांच्या मधे लाकूड आपली जागा शोधतं. गिब्सन कंपनीतल्या थॅडिअस मॅकह्यू यांना याचं पेटंट 1923 मध्ये मिळालं, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जन्माला यायच्याही आधी.

लिओ फेंडर यांना सुरुवातीला त्याची गरज वाटली नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. हार्ड मेपल इतकं कडक, की त्याला आधार कशाला, असा त्यांचा हिशोब होता. 1950 च्या पहिल्या काही गिटारी रॉडशिवाय निघाल्या, नेक वाकू लागले, विक्रेत्यांनी हट्ट धरला आणि त्याच वर्षी रॉड आला. फेंडरच्या या नेकमध्ये फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटांखालची फ्रेट बसवलेली पट्टी, वेगळा नव्हता. एकाच मेपलच्या फळीत नेकही आणि फ्रेटही. त्यामुळे रॉड घालायला पाठीमागून खाच पाडावी लागली आणि ती अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवली. आजही पुष्कळ फेंडर गिटारींच्या पाठीवर ती पट्टी दिसते. बॉडीला नेक चार स्क्रूंनी जोडलेला, बिघडला तर काढून दुसरा बसवता यावा म्हणून. गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांच्या प्रसिद्ध काळ्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे नेक असे अनेकदा बदलले गेले, मेपलचेही आणि रोजवूडचेही.

मेपल पांढरट असतं, त्यावर लॅकर द्यावंच लागतं, आणि लॅकर झिजलं की घामाने बोर्ड काळपट, कळकट दिसू लागतो. टेलिव्हिजनवर तसे मळके नेक दिसायला लागले म्हणून फेंडर यांनी बदल केला, असं सांगतात. 1958 च्या जॅझमास्टरवर रोजवूडचा वेगळा फ्रेटबोर्ड आला, पुढच्या वर्षी तो स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरवरही चढला. कलामझूच्या गिब्सनची रीत निराळी. 1952 च्या लेस पॉलला महोगनीचा नेक, तोही बॉडीत सरसाने चिकटवलेला, वर रोजवूडचा बोर्ड, आणि 1954 च्या महागड्या लेस पॉल कस्टमवर एबनी.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. लाकडाचा कडकपणा मोजायची जान्का नावाची एक रीत आहे: 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. महोगनीला सुमारे 900 पौंड, हार्ड मेपलला 1450, भारतीय शिसवाला, म्हणजे आपल्याकडच्या रोजवूडला, 2400 च्या वर, आफ्रिकेतल्या एबनीला 3000 च्या पुढे. नेकसाठी मेपल किंवा महोगनी आणि बोटांखाली शिसव किंवा एबनी, ही वाटणी कुठून आली ते या आकड्यांवरून कळतं. नेकला हवा हलकेपणा आणि सरळ राहण्याचा स्वभाव. बोर्डला हवी झीज सोसण्याची ताकद, कारण पोलादी तारा बोटांनी रोज त्यावर घासल्या जाणार. शिसवात स्वतःचं तेल असतं, त्याला लॅकर लागत नाही. एबनी इतकं घट्ट की बोट काचेवरून फिरल्यासारखं सरकतं. पण काकांना एबनीवरचे फ्रेट बदलायला नको असतात, कारण फ्रेट उपटताना कडेचे टवके उडतात. महोगनीचं दुखणं हेडस्टॉकपाशी. गिब्सनने तो 17 अंशांत मागे झुकवला, त्यामुळे तिथे लाकडाच्या रेषा तिरक्या तुटतात, त्यातच रॉडच्या नटासाठी खड्डा खणलेला. गिटार स्टँडवरून पडली की नेमकी तिथेच मोडते. असे किती हेडस्टॉक चिकटवले याची काकांनी मोजदाद ठेवलेली नाही.

आणि आवाज? मेपलचा आवाज लख्ख, रोजवूडचा मऊ, हे प्रत्येक दुकानदार सांगतो. मी यावर काकांशी वाद घातला आणि जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, चुंबकाजवळ तार कशी हलते तेवढं टिपतो. म्हणून लाकडाने तारेचं हलणं बदललं, तरच त्याचा आवाजाशी संबंध. तसा संबंध आहे, पण दुकानात सांगतात तसा नाही. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी, नंतर फ्रान्समध्ये आर्थर पाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की नेक स्वतः ज्या कंपनसंख्येला डोलतो, त्या जागी तार आपली ऊर्जा नेकला देऊन टाकते आणि सूर लवकर विझतो. वादक त्या जागेला डेड स्पॉट म्हणतात. ती जागा कुठे पडेल हे त्या एका नेकच्या जाडीवर, वजनावर, ताठपणावर अवलंबून. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचे नेकही यात सारखे नसतात. त्यामुळे माझं मत काकांसारखंच झालं आहे: लाकडाच्या नावावरून आवाज विकत घेऊ नये. गिटार हातात घ्यावी, अँप न लावता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी, आणि कुठला सूर बाकीच्यांआधी मरतो ते कानाने शोधावं.

लाकडाचा खरा फरक आपल्याकडे पडतो तो हवेमुळे. मुंबईत जून-जुलैत दारं फुगून चौकटीत अडकतात, तेव्हा नेकही पाणी पितो. त्याच गिटारीला एप्रिलमध्ये नागपूरला नेलं किंवा एसीच्या खोलीत ठेवलं, की लाकूड आक्रसतं. निकेल सिल्व्हरचे फ्रेट मात्र आक्रसत नाहीत, मग त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. मुलं म्हणतात, फ्रेट वाढले. काका कानशीने कड घासतात आणि सांगतात, फ्रेट तेवढेच आहेत, लाकूड आत गेलंय. फळी कशी कापली आहे यावरही बरंच ठरतं. वर्षवलयं फ्रेटबोर्डला उभी येतील असा काप दिला तर नेक पिळत कमी. हा काप महाग पडतो, कारण त्यात लाकूड वाया जातं. अलीकडे भाजलेलं मेपल आलं आहे. प्राणवायू कमी ठेवून सुमारे 180 ते 200 अंशांना ते तापवतात, रंग तपकिरी होतो आणि पाणी शोषायची सवय बरीच मोडते. कोकणपट्टीत राहणाऱ्या वादकाने थोडे जास्त पैसे घालायचे ठरवलं, तर ते यात घालावेत, पिकअपमध्ये नव्हे.

इथवर लेख संपायला हरकत नव्हती. पण काकांच्या मेजावर शिसवाचा एक कोरा बोर्ड पडला होता आणि तो कुठून आला हे विचारल्यावर गोष्ट जंगलात गेली.

सुरुवातीच्या गिटारींवरचं रोजवूड ब्राझीलचं. ते इतकं तोडलं गेलं, की 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखाने भारतीय शिसवाकडे वळले, आणि 1992 मध्ये ब्राझिलियन रोजवूड साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याचा नवा व्यापार जवळजवळ बंदच. तेव्हापासून जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर जे रोजवूड दिसतं, त्यातलं पुष्कळसं आपल्या सह्याद्रीतल्या जातीचं. ज्या झाडाचे पाट, पलंग आणि तबल्याची खोडं झाली, त्याचंच.

24 ऑगस्ट 2011 ला अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले. त्याआधी 2009 मध्ये मादागास्करच्या एबनीवरून छापा पडला होता. या वेळी माल भारतातला होता: फ्रेटबोर्डसाठी कापलेल्या पट्ट्या. भारतीय नियमात 6 मिलिमीटरहून जाड कापीव लाकूड निर्यात करायला बंदी, तयार वाद्यभागांना मुभा. दहा मिलिमीटर जाडीची, फ्रेटच्या खाचा नसलेली पट्टी हा वाद्यभाग की कापीव लाकूड? हा प्रश्न अमेरिकेतल्या तपासणीपर्यंत गेला. 2012 मध्ये तडजोड झाली. गिब्सनने मादागास्करच्या प्रकरणात 3 लाख डॉलर दंड भरला, वनसंवर्धनाला 50 हजार दिले, भारतीय लाकूड त्यांना परत मिळालं. मधल्या काळात त्यांच्या काही गिटारींवर भाजलेलं मेपल आलं आणि लेस पॉल कस्टमवर एबनीऐवजी कागद आणि राळ दाबून केलेलं रिचलाइट.

मग 2 जानेवारी 2017 ला शिसवाच्या वंशातल्या बाकीच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. चीनमधल्या फर्निचरच्या मागणीने ही वेळ आणली होती, पण कागदपत्रांचा बोजा गिटारवाल्यांवरही पडला. दुसऱ्या देशात गिटार विकायची तर परवाना. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर रोजवूडऐवजी पाऊ फेरो नावाचं लाकूड लावलं. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी स्वस्त गिटारींवरचा बदल टिकला. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर मालिकेतल्या पुष्कळ गिटारींवर आज इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं. इंडियन लॉरेल म्हणजे ऐन. सुसरीच्या पाठीसारख्या सालीचा, कोकणापासून विदर्भापर्यंत कुठेही भेटणारा, भंडारा-गडचिरोलीत ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात तो ऐन. काकांना तो चालतो. शिसवापेक्षा कोरडा दिसतो, छिद्रं मोठी, वर्षातून एक-दोनदा तेल द्यावं लागतं, पण सरळ राहतो.

मला काळजी वाटते ती इथे. एक झाड संपत आलं की बाजार शेजारच्या झाडाकडे जातो. ब्राझीलनंतर आपलं शिसव, शिसवानंतर पाऊ फेरो आणि ऐन. कॅमेरूनच्या याउंदेत एबनीची गिरणी घेतल्यावर गिटार बनवणारे बॉब टेलर यांना कळलं, की लाकूड पूर्ण काळं निघालं नाही तर तोडलेली झाडं जंगलातच टाकून देतात, कारण गिऱ्हाईकाला काळंच हवं. त्यांनी पट्टेरी एबनी वापरायला सुरुवात केली, आणि वादकांनी ते घेतलंही. शिसवाबाबत आपल्याकडे असं काही घडलेलं नाही. जातीला धोका आहे हे आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत नोंदलेलं आहे. तमिळनाडूने 1994 मध्ये खासगी जमिनीतल्या शिसवासाठीही वेगळा कायदा केला. तरी वायनाडच्या मुट्टिलमध्ये 2020-21 च्या सुमारास जुनी झाडं उभीच्या उभी गेली आणि प्रकरण न्यायालयात पोचलं.

फ्रेटबोर्डला लागणारी पट्टी लहानच, अर्धा मीटरभर लांब, पण ती घट्ट, सरळ रेषेची आणि जुन्या खोडाची लागते. तसं खोड व्हायला माणसाचं आयुष्य जातं. इंडोनेशियात जावाच्या लागवडीत हेच झाड सोनोकेलिंग म्हणून वाढवतात आणि तिथल्या गिटार कारखान्यांना ते पुरतं. आपल्याकडे शिसव लावा म्हणून शेतकऱ्याला सांगायचं, तर ते कापायची परवानगी नातवाला कोणत्या कचेरीतून आणि कोणत्या नियमाने मिळेल, हे आज लावतानाच लिहून द्यावं लागेल. वनखात्याने तेवढं केलं, तर बांधावर शिसव लावणारे मिळतील. तोवर दुकानातल्या चिठ्ठीवर निदान झाडाचं पूर्ण नाव आणि ते कुठल्या देशातलं आहे एवढं तरी छापलेलं असावं, अशी माझी मागणी आहे.