कुस्ती आखाड्याबाहेरची: तालमीतली मेहनत

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कुंडल, पलूस या पट्ट्यात पैलवानाचा दिवस पहाटेच सुरू होतो. डाव शिकण्याआधी अंग तयार करायचं, हा तालमीचा क्रम.

• जोर : छाती, खांदे, दंड. बैठका : मांड्या आणि दम. सपाटे : दोन्ही एकत्र.

• माती उकरणे : फावड्याने आखाडा खणणे हाही व्यायामच. पकड, पाठ, कंबर एकाच वेळी कामाला लागतात. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. माती मऊ राहते.

• करेल (लाकडी मुद्गल), गदा फिरवणे : खांदा आणि मनगट.

• दोर चढणे : पकडीसाठी.

• मल्लखांब : पुरलेला, टांगता, दोरीचा. मूळ उपयोग पैलवानाच्या सरावासाठी. आज स्वतंत्र स्पर्धाखेळ. पुनरुज्जीवनाचं श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना.

• माती आणि मॅट : मातीवरच्या पारंपरिक कुस्तीत चितपट निर्णायक, लढत लांबू शकते, म्हणून दमावर भर. मॅटवर 3 मिनिटांच्या 2 फेऱ्या आणि गुण. तिथे चपळाई, स्फोटक ताकद लागते. त्यामुळे आता धावणं आणि वजनांचा व्यायामही जोडीला.

• खाशाबा जाधव : तालमीतल्या मेहनतीचं उदाहरण. मूळ गाव गोळेश्वर, ता. कराड. 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक, फ्रीस्टाइल बँटमवेट, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.