तुकडा तपासायला पाठवलाय

इंदापूर तालुक्यात कुणाच्या मानेला, काखेत किंवा स्तनात गाठ हाताला लागली, की पहिले काही आठवडे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ यातच जातात. मग गावातले डॉक्टर, मग भिगवण किंवा इंदापूर, तिथून बारामती नाहीतर अकलूज, आणि अगदीच वेळ आली तर पुणे. या वाटेवर सोनोग्राफी होते, स्कॅन होतो, रक्ताच्या चार-सहा तपासण्या होतात. पण गाठ क्षयाची की कर्करोगाची, साधी की जिवावरची, याचा निकाल लागतो तो बरणीत ठेवलेल्या, कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर. घरी चौकशीला येणाऱ्यांना एवढंच सांगितलं जातं, “तुकडा तपासायला पाठवलाय.” तो कुठं गेला, कुणाच्या हातांतून गेला, शेवटी कुणी पाहिला, याची विचारपूस कुणी करत नाही. ती करायला हवी, असं मला फार वाटतं. कारण या तपासणीचं यश मायक्रोस्कोपच्या किमतीवर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त त्या बरणीवर असतं.

शरीरातून निघालेला तुकडा त्या क्षणापासून खराब व्हायला लागतो. पेशींमधलीच विकरं पेशींना आतून विरघळवू लागतात, आणि बारामतीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे काम आणखी वेगानं होतं. ते थांबवण्याचा उपाय म्हणजे दहा टक्के फॉर्मॅलिन. ते पेशींमधली प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं आणि तुकडा होता त्या अवस्थेत टिकून राहतो. पण फॉर्मॅलिन आत मुरतं तासाला साधारण एक मिलिमीटर. द्रावणही तुकड्याच्या निदान दहापट हवं. गर्भाशय किंवा स्तन यांसारखा मोठा अवयव असेल तर त्याला वेळेत काप द्यायला हवेत, नाहीतर बाहेरून तो पक्का दिसतो आणि मधोमध कुजलेला असतो. बरणीचं तोंड रुंद हवं, कारण फॉर्मॅलिनमध्ये तुकडा कडक होतो. अरुंद तोंडाच्या बाटलीत सहज सरकवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि रुग्णाचं नाव बरणीच्या अंगावर लिहायला हवं, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

फॉर्मॅलिन नव्हतं म्हणून सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात तुकडा टाकून पाठवला, तर तो वाटेतच वाया जातो. रुग्णानं भूल, चीर, टाके सगळं सोसलेलं असतं आणि प्रयोगशाळेत हाती काहीच लागत नाही. बरणीसोबतचा फॉर्मही तितकाच मोलाचा. वय, गाठ नेमकी कुठली, किती दिवसांपासूनची, तंबाखूची सवय, आधी घेतलेले उपचार हे सगळं त्यात हवं. नुसतं ‘गाठ’ एवढंच लिहिलेला कागद आला, तर वाचणारा डॉक्टर निम्म्या माहितीवर निकाल देतो.

प्रयोगशाळेत पहिली पायरी ग्रॉसिंगची. इथं मायक्रोस्कोप अजून लांब असतो. डोळ्यांनी पाहायचं, बोटांनी चाचपायचं, मोजायचं, वजन करायचं, कडांना शाई लावायची, म्हणजे कर्करोग कडेपर्यंत पोचलाय की मधेच थांबलाय हे पुढे कळतं. मग कापून, संशयित भाग निवडून प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये भरायचे. या टेबलावर चुकीचा भाग निवडला गेला, तर पुढचं सगळं बिनचूक होऊनही रोग हाती लागत नाही. कॅसेट मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातात, पाणी निघून जातं. झायलीनमधून जातात, अल्कोहोल निघून जातं. आणि साठेक अंशांवर वितळलेलं मेण रिकाम्या जागांत भरतं. बहुतेक ठिकाणी हे यंत्रात रात्रभर चालतं. सकाळी मेणाचा ठोकळा तयार होतो. त्याला ब्लॉक म्हणतात.

आता काम तंत्रज्ञाच्या हातात येतं. ब्लॉक बर्फावर थंड करून मायक्रोटोमवर चढवला जातो आणि चाक फिरवलं, की तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप सुटू लागतात. माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे सात मायक्रॉन रुंद असते. काप त्याहूनही पातळ. एकमेकांना चिकटून त्यांची रिबन होते, ती कोमट पाण्यावर सोडतात, सुरकुत्या उलगडतात, आणि काच पाण्याखालून तिरकी घालून काप अलगद उचलून घेतात. पात्याला सूक्ष्म खाच असेल तर कापावर उभी रेघ उमटते. मेण नीट भरलेलं नसेल तर काप भुगा होतो. हे कौशल्य पुस्तकानं येत नाही, वर्षांनी येतं. अहवालावर या हाताचं नाव कधी छापलं जात नाही आणि मला हा अन्याय वाटतो.

काचेवरचा काप जवळजवळ बेरंग असतो. त्याला रंग देतात हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या खोडातून मिळतं. ते पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं, इओसिन बाकीचा भाग गुलाबी. रोगनिदानाचं जगभरातलं बहुतेक काम आजही याच दोन रंगांवर चालतं. पॅथॉलॉजिस्ट आधी कमी ताकदीच्या भिंगातून सगळा काप फिरून पाहतो, मग जवळ जातो. केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी आहेत का? विभाजन किती आहे? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पेशींनी आपली हद्द ओलांडली आहे का? गालाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी कितीही बिघडलेल्या दिसल्या, तरी त्या खालचा पडदा फोडून आत शिरल्या आहेत की नाहीत, यावर रोगाचं नाव बदलतं आणि शस्त्रक्रिया किती मोठी करायची तेही बदलतं.

स्तनाच्या कर्करोगात त्याच ब्लॉकचे आणखी काप घेऊन ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या करतात आणि कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. त्यासाठी तुकडा निदान सहा तास आणि फार तर बहात्तर तास फॉर्मॅलिनमध्ये असावा, असा दंडक आहे. बारामतीत शनिवारी काढलेला तुकडा सुट्टीमुळे पुढच्या बुधवारी पुण्यात पोचला, तर या तपासणीवर किती विसंबायचं हा प्रश्न पडतो.

तुकडा न काढताही बरंच कळतं. बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घ्यायच्या आणि काचेवर पसरायच्या, ही एफएनएसी. टाके नाहीत, भूल नाही, काही मिनिटांचं काम. मानेतल्या गाठींसाठी तर ही तपासणी वरदानच आहे, कारण आपल्याकडे अशा गाठींमागे पुष्कळदा क्षय असतो. काचेवर क्षयाच्या विशिष्ट पेशींचे पुंजके आणि मृत पेशींचा गाळ दिसतो. झील-नील्सन रंग दिला तर कधी लाल जंतूही सापडतात, आणि रुग्णाला सरकारी क्षयरोग कार्यक्रमाची औषधं मोफत सुरू होतात. तरी ‘सुई टोचली की गाठ पसरते’ ही भीती घट्ट रुजलेली आहे. असं घडणं अतिशय दुर्मीळ आहे. भीतीपोटी घालवलेले महिने मात्र रोगाला नक्की वाढू देतात. सुईला मर्यादाही आहेत. ती सुट्या पेशी देते, त्यांची मांडणी देत नाही. थायरॉइडच्या काही गाठींत कर्करोग आहे का हे गाठीभोवतीचं आवरण फुटलंय का यावर ठरतं; तिथं सुई गप्प बसते आणि अख्खी गाठ काढून तपासावी लागते.

पॅथॉलॉजीच्या या शास्त्राचा भारतात पाया घातला तो एका मराठी माणसानं. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. मुंबईत पाहिलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचीही त्यांनी नोंद केली. काचेवर दिसलेला रोग माणसाच्या सवयींपर्यंत मागे नेऊन शोधायचा, ही त्यांची रीत. बारामती-इंदापुरात तंबाखूचा बार भरणाऱ्या पुरुषांना आणि मिश्री लावणाऱ्या बायकांना तीच रीत आजही लागू पडते. तोंडातला व्रण किंवा पांढरा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर मलम बदलत बसू नये, तुकडा काढावा.

पण आपल्या भागाला सगळ्यांत जवळचा धडा मिळाला आहे तो बार्शीतून. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत शंभर किलोमीटरच्या आत बार्शी येते. तिथं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिनं घेतले. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरांतून होते. इथं रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, सरपंच-शिक्षकांना भेटले, लक्षणं समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीसाठी आणलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. कोणतंही नवं यंत्र न आणता, केवळ माणसं गावात गेल्यामुळे हे झालं. या नोंदणीचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं पश्चिम महाराष्ट्रात झालेलं नाही.

याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या, टाटा मेमोरियलच्या आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पुढाकारानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत विभागणी केली. काहींना एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींना पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, काहींना व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांची तपासणी, आणि एका गटाला यातलं काही नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चाचणी न मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ६४ मृत्यू झाले, पॅप स्मिअरच्या गटात ५४, आणि एचपीव्हीच्या गटात ३४. हे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. पॅप स्मिअर निर्दोष आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोगाचं प्रमाण लाखामागे १५.५ निघालं, एचपीव्ही निर्दोष आलेल्यांमध्ये ३.७. आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल, तर पेशी पाहणाऱ्या डोळ्यापेक्षा विषाणू शोधणारी चाचणी जास्त भरवशाची, असा याचा अर्थ. चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर स्त्रियांना चाचणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. ज्या बायकांच्या मृत्यूंतून हे ज्ञान मिळालं, त्यांच्या शेजारच्या तालुक्यांत तरी ते पुरतं वापरलं जायला हवं. आणि हेही लक्षात ठेवावं, की चाचणीत दोष दिसलेल्या स्त्रीचं अंतिम निदान तिथंही बायोप्सीच्या तुकड्यावरच ठरत होतं.

आणखी एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. दिवाळीच्या सुमाराला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांत बीडकडच्या पुष्कळ बायका असतात. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं काढली जाण्याबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंगावर पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून गर्भाशय काढल्याच्या तक्रारी होत्या. पेशीतपासणीचं काम इथं दोनदा असतं. शस्त्रक्रियेआधी गर्भाशयमुखाची तपासणी आणि गरज असेल तर बायोप्सी; शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाचा हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल. हे अहवाल दरवर्षी एकत्र मांडून पाहिले, तर कुठल्या दवाखान्यात निरोगी गर्भाशयं निघत आहेत हे आपोआप उघड होईल. काढलेला अवयव न तपासता फेकून देणं म्हणजे पुरावा फेकून देणं आहे.

बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आता त्याला आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की पॅथॉलॉजी विभाग आलाच. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा तो मुख्य विषय आहे. या विभागानं शिकवण्यापलीकडे जाऊन इंदापूर, भिगवण, दौंडच्या सरकारी दवाखान्यांना तयार फॉर्मॅलिन भरलेल्या, रुंद तोंडाच्या बरण्या पुरवाव्यात आणि ठरलेल्या दिवशी गाडी पाठवून त्या गोळा कराव्यात. त्याला कोट्यवधी लागत नाहीत. बार्शीसारखी नोंदणी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांसाठी सुरू करता आली, तर त्याहून उत्तम.

वाचकांना माझं सांगणं इतकंच. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या शरीरातून काहीही काढलं, तर ते तपासायला पाठवलं का हे विचारा आणि लेखी अहवाल मागा. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती सही आहे का ते पाहा. आणि दुसरं मत घ्यायला पुण्याला किंवा मुंबईला निघालात, तर नुसता कागद नेऊ नका. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या, कारण तिथले डॉक्टर ते पुन्हा पाहिल्याशिवाय उपचार ठरवत नाहीत.