व्होल्टेज पडलं, तर विमानाने काय करायचं?

(ह्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

एका श्रोत्याने विचारलंय, "मुंबईहून काशीदला इलेक्ट्रिक विमानाने जाता येईल का?" अलिबागच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून विचारला असावा असा प्रश्न आहे!

जुहू ते काशीद सरळ रेषेत साधारण ७०-७५ किलोमीटर. काशीदला धावपट्टी नाही, ते क्षणभर विसरू. पिपिस्ट्रेल कंपनीचं 'व्हेलिस इलेक्ट्रो' हे दोन आसनी विमान आहे. जून २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने त्याला प्रमाणपत्र दिलं. पूर्ण बॅटरीवर चालणाऱ्या विमानाला असं प्रमाणपत्र मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. ते साधारण पाऊण-एक तास उडतं. म्हणजे एका बाजूचं अंतर तसं जमण्यासारखं आहे.

पण इलेक्ट्रिक विमान म्हटलं की सगळे बॅटरीबद्दलच बोलतात. आज आपण बोलू बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसलेल्या खोक्याबद्दल. त्याला पॉवर कन्व्हर्टर म्हणा, इन्व्हर्टर म्हणा. लाइट गेल्यावर आपल्या घरात जो इन्व्हर्टर चालतो, त्याचाच हा चुलतभाऊ. बॅटरी डीसी देते, मोटरला तीन फेजचा एसी लागतो. म्हणून ह्या खोक्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. कुठला स्विच कधी चालू करायचा, हे कंट्रोल ठरवतो. पायलट लिव्हर पुढे ढकलतो तेव्हा तो फक्त विनंती करत असतो. ती किती मान्य करायची, हे शेवटी कंट्रोलच्या हातात.

आता काशीदला जाऊ. तिथे एका होमस्टेमध्ये उतरलो होतो. मे महिना, सगळ्या खोल्या भरलेल्या. काकूंनी आल्याआल्या बजावलं, "संध्याकाळी सगळे एसी एकदम लावू नका हां, दिवे पिवळे पडतात." आणि तसंच झालं. सातच्या सुमाराला स्वयंपाकघरातला जुना पिवळा बल्ब मंद झाला, आणि थोड्या वेळाने एमसीबी पडला. काकू टॉर्च घेऊन गेल्या, खटका वर केला, विषय संपला.

ह्या छोट्याशा प्रसंगात दोन प्रकारची उपकरणं होती. बल्ब साधा माणूस. व्होल्टेज कमी झालं की तो करंटही कमी घेतो, मंद जळतो, लाइनवरचा भार हलका करतो. इन्व्हर्टर एसीचं डोकं वेगळं. त्याला ठरलेली पॉवर हवीच असते. समजा त्याला १००० वॅट लागतात. २३० व्होल्टला तो साधारण ४.३ अँपिअर घेईल. व्होल्टेज १८० वर आलं की ५.६ अँपिअर ओढायला बघेल. जास्त करंट ओढला की तारेत व्होल्टेज आणखी पडतं. मग आणखी करंट, आणखी घट. म्हणजे लाइन अडचणीत असते तेव्हाच तो जास्त मागतो.

इंजिनिअर ह्याला 'स्थिर पॉवरचा भार' म्हणतात. आणि गंमत अशी, की कन्व्हर्टरचा कंट्रोल जितका चोख, तितका हा स्वभाव पक्का.

विमानात हेच होतं. व्हेलिसच्या मोटरची कमाल पॉवर ५७.६ किलोवॅट आणि बॅटरी साधारण ३४५ व्होल्टची. मधला तोटा सोडून हिशेब केला, तर उड्डाणाच्या वेळी साधारण १६७ अँपिअर होतात. बॅटरी उतरत आली आणि व्होल्टेज समजा ३०० वर आलं, तर तेवढ्याच पॉवरसाठी १९२ अँपिअर लागतील. म्हणजे बॅटरी दमलेली असतानाच तिच्याकडे जास्त मागणी.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. केबल आणि कन्व्हर्टरच्या तोंडाशी बसवलेले कपॅसिटर मिळून एक झोपाळा तयार होतो. धक्का बसला की व्होल्टेज वरखाली हेलकावतं. साधा भार हे हेलकावे गिळून टाकतो. स्थिर पॉवरचा भार उलटं करतो. व्होल्टेज खाली जाताना जास्त ओढतो, वर जाताना कमी. झोपाळ्याला नेमक्या वेळी ढकलावं, तसं. मोठे कपॅसिटर लावले तर हे आवरतं, पण विमानात प्रत्येक किलो मोजावा लागतो.

हा प्रश्न आपल्या लोकलमध्येही होता. २००७ पासून मुंबईत धावू लागलेल्या सीमेन्सच्या गाड्या १५०० व्होल्ट डीसी आणि २५ हजार व्होल्ट एसी, दोन्हींवर चालायच्या. आत तीन फेजच्या मोटर आणि त्यांना चालवणारे कन्व्हर्टर. डीसी तारेखाली असा कन्व्हर्टर चालवायचा तर हे हेलकावे सांभाळावेच लागतात. पण लोकलकडे एक हुकमी एक्का असतो. काही बिनसलं तर कन्व्हर्टर बंद. गाडी घरंगळत थांबते. आपण चरफडतो, पण जिवंत असतो.

आता खरा मुद्दा. जमिनीवर 'ट्रिप होणं' हीच सुरक्षितता. काकूंचा एमसीबी पडला, घर वाचलं. विमान नुकतंच जमीन सोडून वर चढतंय आणि कन्व्हर्टरने स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप घेतली, तर खोकं वाचेल. विमानाचं काय?

म्हणून विमानातल्या कंट्रोलला पडण्याआधी वाकायला शिकवावं लागतं. व्होल्टेज पडायला लागलं की मागणी हट्टाने तशीच धरून ठेवायची नाही, मोटरचा टॉर्क थोडा उतरवायचा. खोकं तापलं तरी तेच, एकदम बंद न करता पायरीपायरीने पॉवर कमी. पायलटला कमी जोर मिळेल, पण शून्य नाही. हेलकाव्यांवरही असाच इलाज आहे. कंट्रोल व्होल्टेजची थरथर मोजतो आणि तिच्या तालावर टॉर्क किंचित कमी-जास्त करतो. व्होल्टेज खाली, तर मागणीही जराशी खाली. थोडक्यात, एसीला थोडं बल्बसारखं वागायला लावायचं. प्रोपेलर जड असल्यामुळे पायलटला हा बदल जाणवतही नाही.

बरं, एवढं करूनही बिघाड होणारच. म्हणून व्हेलिसमध्ये बॅटरी दोन आहेत, एक नाकात आणि एक आसनांच्या मागे. एक बिघडली तर ती आपोआप वेगळी होते आणि दुसरीवर विमान उडत राहू शकतं.

आणि हे सगळं किती कठीण आहे, ते 'नासा'ला विचारा. त्यांच्या 'एक्स-५७ मॅक्सवेल' ह्या इलेक्ट्रिक विमानासाठी सिलिकॉन कार्बाइडचे वेगवान स्विच वापरलेले कन्व्हर्टर बनवले गेले. कार्यक्षमता ९८ टक्के! पण इतक्या वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून विद्युत-चुंबकीय गोंगाट निघतो आणि बाकीच्या यंत्रणांना त्रास देतो. तो आवरायला खास फिल्टर करावे लागले. पुढे मोटरच्या एका भागात उड्डाणात मोडण्याचा धोका दिसला, आणि २०२३ मध्ये ते विमान एकदाही न उडता प्रकल्प बंद झाला. मी ह्याला अपयश म्हणणार नाही. जमिनीवर सापडलेला दोष हा सगळ्यात स्वस्त दोष असतो.

तर श्रोते मित्रा, जुहूहून काशीदला विमान येईल तेव्हा "बॅटरी किती?" हे जरूर विचार. पण दुसरा प्रश्नही विचार, "व्होल्टेज पडलं, तर तुमचा कन्व्हर्टर ट्रिप होतो की वाकतो?"

तोवर रस्त्यानेच या. आणि संध्याकाळी सातनंतर एसी जरा जपून. भेटू पुढच्या भागात.