विश्लेषण : बास वाढवला की आवाज सुधारतो का? गाडीतल्या स्टीरिओचा इक्वलायझर लावायचा कसा?

रामदासपेठेच्या टोकाला पंचशील चौकात सिग्नल लागतो. शेजारच्या गाडीच्या काचा बंद असतात, तरी दुचाकीवर बसलेल्याच्या छातीत धडधड होते. गाणे कोणते, ते मात्र कळत नाही. गंमत म्हणजे गाडीत बसलेल्यालाही गाण्याचे शब्द धड ऐकू येत नसतात. कारण त्याने इक्वलायझरमधली बासची पट्टी शेवटपर्यंत वर नेलेली असते आणि तिच्यापाठोपाठ ट्रेबलचीही. मग ‘कंपनीचा स्टीरिओ बेकार आहे’ असे ठरवून अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर, नवे स्पीकर असा हजारोंचा खर्च होतो. त्यातला बराचसा खर्च स्क्रीनवरच्या एका मेनूत दहा मिनिटे घालवली तर टळू शकतो.

इक्वलायझर नेमके काय करतो?

हे नाव टेलिफोनच्या तंत्रातून आले. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या काही कंपनसंख्या अधिक क्षीण होत. त्या पुन्हा समान पातळीवर आणणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. थोडक्यात, आवाज ‘वाढवणे’ हे त्याचे मूळ काम नव्हे. बिघडलेला समतोल सावरणे हे त्याचे काम.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. तबल्याच्या बायाचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास, गायकाच्या आवाजाचा गाभा त्याच्या वर, शब्दांची स्पष्टता २,००० ते ४,००० मध्ये आणि ‘स’, ‘श’ची सळसळ त्याहून वर असते. साध्या गाड्यांत यासाठी बास, मिड, ट्रेबल अशा तीनच पट्ट्या मिळतात. महागड्या हेड युनिटमध्ये तेरा किंवा अधिक. पट्ट्या जास्त म्हणजे आवाज चांगला, असे काही नाही. चुका करायला जागा जास्त, एवढे मात्र खरे.

गाडीतच आवाज का बिघडतो?

घरातले स्पीकर कानांच्या उंचीवर आणि समोर ठेवता येतात. गाडीत मोठे स्पीकर दारात, गुडघ्याच्याही खाली असतात आणि ट्विटर डॅशबोर्डवर किंवा काचेच्या कोपऱ्यात. ट्विटरचा तीक्ष्ण आवाज समोरच्या काचेवर आपटून थेट कानात येतो, म्हणून तो चिरका वाटतो. दारातल्या स्पीकरचा आवाज पाय, सीट आणि कापड शोषून घेते. उलट खालचा बास छोट्या बंद केबिनमध्ये आपोआपच फुगतो. त्यात चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर हाताच्या अंतरावर आणि डावा दूर, त्यामुळे गायक मध्यभागी न वाटता उजव्या दारात बसून गातोय असे वाटते. हा दोष इक्वलायझरने जात नाही. त्यासाठी बॅलन्स एक-दोन घरे डावीकडे सरकवावा लागतो. ‘टाइम अलाइनमेंट’ची सोय असेल तर फारच उत्तम.

सुरुवात शून्यापासून

गाडी शांत जागी उभी करावी. ‘रॉक’, ‘पॉप’, ‘जॅझ’ हे तयार पर्याय काढून सगळ्या पट्ट्या शून्यावर आणाव्यात. ‘लाउडनेस’, ‘बास बूस्ट’ बंद करावे. इथे बहुतेकांकडून एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे फोनमधला इक्वलायझर. फोनमध्ये एकदा आणि गाडीत पुन्हा एकदा बास वाढवलेला असतो. फोनचा तो बंद करावा आणि फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त गाडीच्या बटणावर करावे.

मग तोंडपाठ असलेले एक गाणे लावावे. ते गर्दीच्या वाद्यांचे नको, आवाज आणि एक-दोन वाद्ये असलेले हवे. एखादे भावगीत त्यासाठी उत्तम. शब्द डब्यातून आल्यासारखे वाटले तर २०० ते ५०० हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबलने खाली घ्यावी. आवाज टोचत असेल तर ३,००० च्या आसपासची. ‘स’ शिट्टीसारखा वाजत असेल तर ६,००० ते ८,००० ची. सुधारणा शक्यतो कमी करून करायची, वाढवून नव्हे. तीनच पट्ट्या असतील तर आधी बास आणि ट्रेबल एकेक घर खाली आणून पाहावे; शब्द स्पष्ट होताना बऱ्याचदा तिथेच कळते.

रेडिओवर मात्र सेटिंग ठरवू नये. एफएम प्रक्षेपणात १५,००० हर्ट्झच्या वरचे काही नसतेच. ते शोधण्यासाठी ट्रेबल वाढवला की हाती फक्त खरखर लागते.

बास वाढवला की आवाज फाटतो, तो का?

हिशेब साधा आहे. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते, दहा डेसिबलला दहापट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले चार’ छापलेले असले तरी साध्या हेड युनिटमधून प्रत्येक स्पीकरला सलग मिळतात ते साधारण १५ ते २० वॅटच. गाणे दोन वॅटवर छान वाजत असेल आणि बासची पट्टी दहाने वर नेली, तर ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याला २० वॅटची मागणी होते. तिथे यंत्राची मर्यादा संपते, लहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. त्या फाटलेल्या आवाजात तीक्ष्ण लहरी वाढलेल्या असतात, त्यामुळे जळतो तो बिचारा ट्विटर.

आणि कधी कधी फाटतच नसतो! दाराच्या आतला पत्रा, सैल पॅड किंवा मागची नंबर प्लेट थरथरत असते. दारात डॅम्पिंग शीट बसवण्याचा खर्च अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा कितीतरी कमी येतो.

सिमेंट रस्ते आणि मे महिना

नागपूरकरांसाठी यात एक खास अडचण आहे. शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्त होतो. केबिनमधली त्याची खालची घरघर नेमकी बास झाकते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरला तर बास गायबच झाल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की ब्लोअर पूर्ण वेगाने चालतो. त्याच्या आवाजात शब्दही बुडतात. अशा वेळी पट्टी वर जाते आणि तशीच राहते. गाडी सिग्नलला थांबली की घरघर संपते, वाढवलेला बास उरतो.

तो बाहेर का जातो? ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे गाडीपेक्षाही जास्त. पत्रा आणि काच तिला फारसे अडवत नाहीत. तीक्ष्ण स्वर आत अडकतात, म्हणून रस्त्यावर गाणे नाही, फक्त धडधड ऐकू येते.

रामदासपेठ आणि लागूनच असलेली धंतोली हा दवाखान्यांचा भाग. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार घोषित शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या १०० मीटर परिसरात, मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. तिथे संगीत वाजवणे किंवा ध्वनिवर्धक वापरणे दंडनीय आहे. गाडीतला आवाज रुग्णवाहिकेचा भोंगा झाकण्याइतका मोठा असेल, तर प्रश्न दंडाच्याही पुढचा ठरतो.

कानांचा हिशेबही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. ९० डेसिबलला तीच मुभा चार तासांवर येते. मोठ्या आवाजाने कान खराब होऊ लागतो तो आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास. शब्द अस्पष्ट वाटतात, म्हणून ट्रेबल आणि आवाज आणखी वाढवला जातो. वयानेही वरचे स्वर कमी ऐकू येतात. वडिलांनी लावलेले सेटिंग मुलाला टोचते, ते त्यामुळेच.

बहुतेक हेड युनिटमध्ये स्वतःचे सेटिंग साठवता येते. एक शहरासाठी आणि एक महामार्गासाठी, अशी दोन ठेवलेली बरी. वेगानुसार आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असेल तर ती सुरू करावी. मग सिग्नलला हात लावावा लागत नाही. मागच्या सीटवर आजी-आजोबा किंवा झोपलेले मूल असेल तर इक्वलायझरला न छेडता फेडर पुढे सरकवावा.