रिक्षाचा परवाना आणि मराठी



मुंबईत रिक्षा चालते ती वांद्रे-शीवपासून पुढे, उपनगरांत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला या धंद्यात आपल्या भागातली पोरं आहेत, तशी उत्तर प्रदेशातलीही आहेत. २०१५ साली परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी नव्या परवान्यासाठी मराठीची अट जाहीर केली. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली.

तेव्हा नुसत्या अटीच्या भरवशावर पोराला मुंबईला धाडू नये. लायसन-बिल्ला हाती असावा, रस्ते पाठ असावेत, गिऱ्हाइकाशी हिंदीतही बोलता यावे. परक्याचा राग धरण्याआधी एवढे आठवावे, की आपला ऊस तोडणाराही गाव सोडूनच फडात येतो. मराठी टिकते ती बोलल्याने. बाहेरून आलेल्याशीही ती आवर्जून बोलावी.